तिल्काच्या परसातली पेटी

जून संपत आला होता, तेव्हा तिल्काच्या सायकलवर मोहोळ येऊन बसलं. सायकल नेहमीसारखी लाकडाच्या खोपटाला टेकवून ठेवलेली. सीटपासून हँडलपर्यंत माश्याच माश्या, एकमेकींना धरून खाली लोंबणाऱ्या. लांबून वाटावं की कुणी ओलं तपकिरी कांबळं वाळत टाकलंय, पण हे कांबळं आतून हलत होतं. मी कुंपणाच्या अलीकडे माझ्या बटाट्यांना माती लावत होते. तिल्का पिशवी घेऊन बाहेर आली, सायकलपाशी गेली आणि थबकली.

"सिल्वा, माझ्या सायकलवर काय आहे गं?"

"माश्या आहेत."

"ते दिसतंय मला. पण माझ्याच सायकलवर का?"

मी काय सांगणार! आणि खरं सांगायचं तर, तिल्का मला काही विचारतेय हेच मला नवीन होतं. आमच्या ब्रेझ्ये गावात विचारणारे आम्ही आणि सांगणारी तिल्का, असाच रिवाज होता. सलगम कधी आंबवायला घालायचा, म्हाताऱ्याच्या पाठीला व्रण पडले तर काय लावायचं, सून घरात आली की पहिल्या आठवड्यात काय बोलायचं नाही, सगळ्याला तिल्काकडे उत्तर असे, आणि तेही तुमचा प्रश्न संपायच्या आत. खालच्या खुर्च्यांच्या कारखान्यात ती अठराव्या वर्षी गाद्या शिवायला लागली आणि कारखाना बंद पडला त्या दिवसापर्यंत शिवत राहिली. शेवटी तर नुसत्या हाताने दाबून सांगायची, या खुर्चीत भरण कमी आहे, ही परत पाठवा. लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं एकटीने केलं, आणि ते गेल्यावर आठवड्याच्या आत त्यांची खोली रंगवून घेतली. लोक म्हणाले, काय बाई आहे! तिला अडलेलं, गोंधळलेलं असं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

तर तिने त्या दिवशी विंकोंना फोन केला. विंको म्हणजे आमच्या गावातले जुने मधपाळ. जंगलखात्यात लाकूडतोडीवर होते, आता म्हातारे झालेले, खुब्याच्या दुखण्याने एका अंगाला कलून चालणारे. ते एक रिकामी पेटी घेऊन आले. आमच्याकडची पेटी म्हणजे छोटं कपाटच असतं, समोर माश्यांचं दार, मागे माणसाचं. विंकोंनी सायकल उचलून एक हिसका दिला, आणि कांबळं धपकन पेटीत पडलं. उरलेल्या माश्या रांगेने आपापल्या आत जाऊ लागल्या. तिल्का तोंड उघडं टाकून बघत राहिली.

पेटीच्या दर्शनी फळीवर जुन्या चालीचं एक चित्र रंगवलेलं होतं. सैतान एका बाईची जीभ धार लावायच्या चाकावर घासतोय, आणि ती चित्रातली बाई थेट माझ्या स्वयंपाकघराकडे बघत होती.

"विंको," मी कुंपणावरून म्हणाले, "ही तुमची बाई दुसरीकडे तोंड करून बसवता येणार नाही का?"

"सकाळचं ऊन तुमच्याच बाजूने येतं, शेजारीणबाई," विंको म्हणाले. "चित्राचा तुमच्याशी काही संबंध नाही. तुम्हाला तसं वाटत असेल तर मात्र मी काही बोलत नाही."

अंधार पडायच्या वेळी सगळ्या माश्या घरात येतात, तेव्हा येऊन पेटी घेऊन जातो असं सांगून ते गेले. आले मात्र नाहीत. दुपारीच त्यांना इस्पितळातून बोलावणं आलं होतं. खुब्याच्या ऑपरेशनसाठी ते कधीपासून वाट बघत होते, आणि कुणाचा तरी नंबर रद्द झाल्यामुळे यांचा लागला. ऑपरेशननंतर मुलगी त्यांना मारिबोर शहरात आपल्या घरी घेऊन गेली. वसंत येईपर्यंत डोंगराकडच्या गावात पाऊल टाकायचं नाही, असा तिचा हुकूम.

पेटी राहिली तिल्काच्या खोपटाच्या वळचणीखाली, एका जुन्या बाकावर.

"राहू दे," विंको फोनवर म्हणाले. "उन्हाळ्यात त्यांचं त्या बघतात. माझ्या बाकीच्या पेट्या पुतण्याने खाली नेल्यात, त्याला आता एवढ्याशा एका पेटीसाठी वर कुठे बोलावू?"

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळा अजून लांब आहे, बाई."

पण आमच्याकडे हिवाळा लांब कधीच नसतो. ऑगस्टमध्ये विंकोंच्या सांगण्यावरून तिल्काने माश्यांना साखरपाणी घातलं. हे मोहोळ उशिरा बसलेलं, त्यांच्याजवळ हिवाळ्यापुरता मध साठणार नव्हता. मधपाळांच्या मंडळातला एक माणूस येऊन माश्यांच्या अंगावरच्या तांबड्या गोचिडीसाठी औषधाच्या पट्ट्या लावून गेला. तिथपर्यंत तिल्का ठीक होती. सांगितलेलं काम करायचं, एवढंच होतं. मग एके सकाळी तिने मला हाका मारून बोलावलं.

"बघ, बघ हे. यांच्यात मारामारी लागलीय."

खरंच, पेटीच्या दारात दोन-दोन लहान माश्या एकेका मोठ्या, ढब्ब्या, बटबटीत डोळ्यांच्या माशीला पंखाला धरून बाहेर ओढत होत्या. ढब्बी माशी परत आत शिरायला बघायची, की पुन्हा तिला ढकलून द्यायच्या. खाली गवतात कितीतरी पडल्या होत्या.

तिल्काने फोन लावला. तिचा डावा कान कारखान्यातल्या मशिनींनी कधीच नेला होता आणि उजवाही अर्धाच उरला होता. त्यामुळे ती फोन मोठ्या आवाजावर ठेवून बोले, आणि सगळं संभाषण मलाही ऐकू येई.

"नर आहेत ते," विंको म्हणाले. "काम करत नाहीत, नुसतं खातात. हिवाळ्यात त्यांना घरात कोण पोसणार?"

"म्हणजे यांना मारून टाकतात?"

"घराबाहेर काढतात. पुढचं त्यांचं ते बघतात."

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला, दार्कोला, हे सांगू नका, हिवाळाभर सोफ्यावरून उठायचा नाही." तिल्का हसली नाही. ती गवतातल्या नरांकडे बघत होती. मग म्हणाली, "मला वाटलं होतं की या गरीब असतात."

नोव्हेंबरात खरा घोळ सुरू झाला. तिल्काचा धाकटा भाऊ लुद्विक पलीकडच्या खोऱ्यात राहतो. त्याने तरुणपणी माश्या पाळल्या होत्या आणि एका हिवाळ्यात सगळ्या घालवल्या होत्या. तेव्हापासून माश्यांविषयी त्याच्याइतकं ठाम बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. तो गाडीतून गवताच्या चटया, थर्माकोल आणि आईची जुनी रजई घेऊन आला.

"गुंडाळून टाक, अक्का. दार बंद कर. एवढंसं भोक उघडं ठेवलंस ना, तर जानेवारीत तुला आत बर्फाचा गोळा मिळेल."

लुद्विक तिला लहानपणापासून अक्काच म्हणतो. पेटी गुंडाळली. रजईतून नुसती सैतानाची शिंगं दिसत होती. तिल्काने विंकोंना कळवलं, तर विंको फोनवर ओरडलेच.

"अगोदर ती रजई काढा! थंडीने नाही जात त्या, ओलीने जातात. एकमेकींना चिकटून गोळा करतात, आपली शेकोटी आपणच पेटवतात. पण त्या वाफेला बाहेर जायला वाट लागते. दारात उंदीर शिरू नये एवढी पट्टी लावा, आणि दार उघडं ठेवा."

रजई काढली. दुसऱ्या दिवशी लुद्विक आला, त्याने रजई घातली. "विंको मारिबोरला रेडिएटरपाशी बसून बोलतोय," तो म्हणाला. "त्याला इथल्या वाऱ्याचं काय?" तो गेल्यावर तिल्काने मागचं दार जरासं उघडून हात लावून पाहिलं. आतून फळीवर पाण्याचे थेंब जमले होते. रजई काढली. त्या रात्री पारा एकदम खाली गेला, आणि सकाळी मी पाहते तो पेटीवर रजई नाही, पण तिल्काचा स्वतःचा लोकरी कोट.

"कोट कशाला?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," तिल्का म्हणाली.

हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तिलाही ते ऐकू आले असावेत, कारण ती जरा चपापली. मग कोट काढून घरात गेली. शेवटी तिने दोघांचं अर्धं अर्धं ऐकलं. वर थर्माकोल ठेवला, बाजू मोकळ्या सोडल्या, दार उघडं ठेवून पट्टी लावली. त्यामुळे दोघेही नाराज झाले.

मग बर्फ पडला आणि सगळं गप्प झालं. हेच तिला सोसेना. आजारी माणसाची कूस बदलता येते, ताप बघता येतो, तोंडात चमचा घालता येतो. वडिलांचं तिने तसं केलं होतं. इथे नुसतं एक बंद कपाट, आणि उघडायचं नाही असा हुकूम. ती दिवसातून कितीदा तरी बर्फातून खोपटापर्यंत जायची आणि पेटीसमोर उभी राहून परत यायची. तिच्या पावलांची बर्फात अशी खोल वाट पडली होती की टपालवाला तिथून जायला लागला.

"मेल्या असतील तर?" तिने विंकोंना विचारलं.

"मेल्या म्हणायचं नाही," विंको म्हणाले. "जनावर मरतं. माशी वारते. आमच्या आजोबांनी यासाठी कानाखाली दिली होती मला."

"बरं, वारल्या असतील तर?"

"पेटीला कान लावा आणि बोटाने एकदाच टकटक करा. आत असतील तर उत्तर देतील. एक छोटासा हुंकार येईल आणि थांबेल. तो थांबला तर सगळं ठीक. पण रडल्यासारखा लांबत राहिला तर राणी गेली असं समजायचं."

तिल्काने कान लावला, टकटक केलं. काही ऐकू आलं नाही. येणार कसं? ती तडक माझ्याकडे आली. संत अम्ब्रोझचा दिवस होता तो, मधपाळांचा सण, आणि मी कढईत भजी सोडलेली.

"तुझा कान दे."

"माझा कान कशाला? मला डसतील त्या."

"थंडीत कुणी डसत नाही. चल."

गेले. डोक्याला रुमाल बांधून, एकच कान उघडा ठेवून, त्या जीभवाल्या बाईच्या शेजारी डोकं टेकवलं. तिल्काने टकटक केलं. आणि आतून आवाज आला. फार लांबून, जमिनीखालून आल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला.

"आहे! आहे गं!"

"छोटा की लांब?"

आता आली का पंचाईत! छोटा म्हणजे किती छोटा? आला, वाढला, मग कमी झाला. पण थांबला, की माझाच कान बधिर झाला? पुन्हा टकटक. या वेळी जरा लांब वाटला. पुन्हा टकटक. तिसऱ्यांदा मला वाटलं की हा आवाज माझ्या कानातल्या रक्ताचा आहे. शेवटी तिल्काने विंकोंना फोन लावला आणि मला म्हणाली, "करून दाखव."

मी फोनमध्ये तोंड घालून केलं, "हूंऽऽम."

"असा नाही, तू आधी वेगळा सांगितलास," तिल्का म्हणाली, आणि तिने न ऐकलेला आवाज स्वतः करून दाखवला, "म्हूंऽऽऽऽ."

"ही माशी आहे की व्यालेली गाय?" विंको म्हणाले.

मग आम्ही दोघींनी आळीपाळीने केलं. मारिबोरला त्यांची मुलगी विचारत होती, बाबा, कोण आहे, काय झालं? विंको हसून हसून खोकायला लागले. मग गंभीर होऊन म्हणाले, "किती वेळा ठोकलंत?"

"तीनदा. नाही, चारदा."

"पुरे. आता वसंतापर्यंत कुणी ठोकायचं नाही. प्रत्येक वेळी त्या घाबरून जास्त खातात. आहेत एवढं कळलं ना? मग झालं."

"पण राणी?"

"त्याला आता काही इलाज नाही, तिल्काबाई. असेल तर आहे."

घरी आले तोवर भज्यांचा कोळसा झाला होता.

नाताळ गेला. तिल्काने सणाची पोतीत्सा, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेली गोड रोटी, केली ती मधे कच्ची राहिली, हे मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहिलं. जानेवारीत एका हिरव्या सुतारपक्ष्याने पेटीच्या बाजूला चोच मारायला सुरुवात केली. तिल्काला तो आवाज ऐकू येत नसे, म्हणून मी माझ्या खिडकीतून झाडू हलवायची आणि ती धावत जायची. मग तिने जुना जाळीचा पडदा पेटीभोवती चारी बाजूंनी टांगला. पेटी आता लग्नातल्या नवरीसारखी दिसायला लागली.

महिना संपता संपता एकदम दक्षिणेचा वारा सुटला. छपरांवरून पाणी गळायला लागलं, ऊन पडलं, बर्फ भुसभुशीत झाला. असा दिवस आमच्याकडे वाया घालवत नाहीत. मी सणाच्या पांढऱ्या चादरी धुऊन दोरीवर टाकल्या. दुपारी काढायला गेले, तर चादरींवर पिवळे-तपकिरी ठिपके! कुणी ब्रश झटकल्यासारखे, वरपासून खालपर्यंत. माझ्या आईच्या हातच्या भरतकामाच्या चादरी होत्या त्या.

एक चादर खांद्यावर टाकून मी तिल्काच्या घरात शिरले. स्वयंपाकघरात आणखीनच भलतं चाललं होतं. तिल्का चुलीपाशी गुडघ्यांवर बसली होती, आणि समोर काचेच्या बरणीत मेलेल्या माश्या. त्या तिने बर्फावरून वेचून एप्रनमध्ये भरून आणल्या होत्या. काही बरणीत पाय हलवत होत्या. दोन-तीन तर उठून खिडकीच्या काचेवर भिणभिणत होत्या.

"बर्फावर कितीतरी पडल्यात," ती म्हणाली. "सगळ्या बाहेर आल्या आणि पडल्या. पण या बघ, ऊब लागल्यावर उठल्या. म्हणजे या वारल्या नव्हत्या. मग बाहेर कशाला आल्या? मी काय चुकले?"

"ते मला माहीत नाही, पण हे बघ आधी." मी चादर तिच्यासमोर पसरली.

तिने ठिपके पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. माश्यांना हगवण लागली की पेटी संपते असं लुद्विकने तिला सांगून ठेवलं होतं. ती फोनकडे धावली.

"विंको, हगवण लागलीय. शेजारणीच्या चादरीवर आहे."

"पेटीवर आहे का?"

"काय?"

"पेटीच्या दारावर, फळीवर डाग आहेत का?"

तिल्काने मला बघायला पाठवलं. पेटीची फळी स्वच्छ होती. सैतान, चाक, बाई, सगळं धुतल्यासारखं. मी तसं सांगितलं.

"मग हगवण कसली!" विंको म्हणाले. "आजारी माशी घरात आणि दारातच घाण करते. निरोगी माशी महिना-महिना आवरून धरते आणि ऊन पडलं की बाहेर जाऊन मोकळी होते. म्हाताऱ्या होत्या त्या बर्फावर पडल्या, बाकीच्या घरी गेल्या. चादरीवर किती डाग आहेत?"

"भरलीय चादर!" मी फोनकडे बघून ओरडले.

"वा, वा," विंको म्हणाले. "म्हणजे चांगल्या भरपूर आहेत."

तिल्काने फोन ठेवला आणि मला मिठी मारली, मधे ती घाणेरडी चादर तशीच. ती रडत होती की हसत होती ते मला कळेना. तिल्काने आजवर मला मिठी मारली नव्हती, माझ्या आईच्या अंत्ययात्रेतसुद्धा नुसता हात दाबला होता. मी रागावून आले होते, आणि राग कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

"माझ्या चादरी?" मी म्हटलं.

"मी धुते गं. सगळ्या धुते. भरपूर आहेत म्हणाले ते, ऐकलंस ना?"

तिने धुतल्या. डाग पूर्ण गेले नाहीत.

मला वाटलं, आता सुटलो. फेब्रुवारीच्या शेवटी हेझलचे तुरे लोंबायला लागले, दिवस मोठा झाला. पण विंकोंनी आधीच सांगून ठेवलं होतं की धोका डिसेंबरात नसतो, तो या दिवसांत असतो. राणी अंडी घालायला लागते, पिल्लांना ऊब द्यायची म्हणजे खाणं दुप्पट लागतं, आणि कोठार तर संपत आलेलं. पेटी मागून हाताने जराशी उचलून वजनाचा अंदाज घेत जा, असं ते म्हणाले होते.

तिल्काने उचलली. "हलकी वाटते."

मला उचलायला लावली. मला जड वाटली.

"तुला सगळंच जड वाटतं," ती म्हणाली.

विंकोंना फोन केला तर कुणी उचलेना. मुलीने त्यांना समुद्राकाठच्या गरम पाण्याच्या उपचारांना नेलं होतं, फोन घरीच विसरला होता, हे नंतर कळलं. तेवढ्यात हवा फिरली आणि उत्तरेचा वारा सुरू झाला. लुद्विक आला, त्याने आकाशाकडे पाहिलं.

"अक्का, या थंडीत ते दार उघडलंस तर आतली सगळी ऊब जाईल. तू स्वतःच्या हाताने मारशील त्यांना."

"आणि आत खायला नसेल तर?"

"असेल. एवढं साखरपाणी प्यायल्यात."

"तुला कसं माहीत?"

"तुला तरी कुठे माहीत आहे?"

लुद्विक गेला. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मी कॉफी केली, ती तशीच गार झाली. तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. चार रस्त्यांवर आलेल्या पाहुण्याचा असतो तसा चेहरा होता तो, सगळ्या पाट्या वाचून झाल्यात आणि कुठल्याच पाटीवर आपलं गाव नाही.

"वडिलांच्या वेळी मला सगळं कळत होतं," ती एकदम म्हणाली. "की कळत नव्हतं, आणि मी नुसती करत सुटले होते? कोण जाणे." मग तिने पिठीसाखरेचा डबा खाली काढला. "मी चुकले तर निदान चुकले हे तरी कळेल. नुसती बसले तर तेही कळायचं नाही."

मोहोळ यायच्या आधी कधीतरी विंकोंनी दिलेला मध तिने कोमट केला, पिठीसाखरेत घालून कणकेसारखा घट्ट गोळा मळला आणि तो थापून सपाट केला. उघडण्याआधी मला म्हणाली, "तू वाऱ्याच्या बाजूला रजई धरून उभी राहा."

मी राहिले. तिने मागचं दार उघडलं. आत लाकडी चौकटीची जाळी असते, त्या जाळीतून आतलं दिसतं. वरच्या कोपऱ्यात, जाळीला अगदी चिकटून, माश्यांचा गोळा होता. माझ्या मुठी दोन धराव्यात एवढाच. सगळ्या गप्प. जवळच्या पोळ्यांच्या चौकटी रिकाम्या, कोरड्या. खाली तळाशी मेलेल्या माश्यांचा थर.

"गेल्या," मी म्हणाले. मला बोलायला नको होतं, पण तोंडून निघालं.

तिल्काने बोटावर थोडा कोमट मध घेतला आणि जाळीला लावला. काही झालं नाही. बोट तसंच धरून ती उभी राहिली. वारा रजईला ओढत होता, माझे हात दुखायला लागले. मग एका माशीने पाय हलवला. अगदी सावकाश ती पुढे आली आणि जाळीतून एवढीशी तांबूस जीभ बाहेर काढली. मग तिच्या शेजारची. मग गोळ्याच्या कडेने एक थरथर गेली.

"सिल्वा," तिल्का कुजबुजली, "हे खातायत ना? की मला तसं दिसतंय?"

"खातायत."

तिने वरून तो साखरेचा थर सरकवला आणि दार लावलं. तेवढ्याने त्यांची ऊब किती गेली, किती माश्या त्यामुळे दगावल्या, आम्हाला कधीच कळलं नाही. दोन दिवसांनी बर्फ पडला. विंकोंचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मी असतो तर उघडलं असतं की नाही, सांगता येत नाही." तिल्काला हे ऐकून बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती उलट आणखीनच गोंधळली.

मार्च संपताना नाल्याकाठच्या वाळुंजाला फुलोरा आला, आणि मी माझ्या खिडकीतून पाहिलं की पेटीच्या दारात माश्या येतायत, पायांना पिवळे गोळे लावून. तिल्काला सांगितलं तर ती बाहेर येऊन दारासमोर उकिडवी बसली ती दुपारपर्यंत उठलीच नाही.

एप्रिलात विंको परतले, हातात काठी, पण सरळ चालत. त्यांनी पेटी उघडली, एक चौकट उन्हाला धरली आणि मधोमध मेणाने झाकलेली पिल्लं दाखवली. राणी होती. लहानशी, पण होती.

"छान," ते म्हणाले. "पुष्कळ लोकांच्या पहिल्या हिवाळ्यात जातात. बरं, आता मी मोकळा झालो. ठरल्याप्रमाणे घेऊन जातो."

"घेऊन जा," तिल्का म्हणाली. लगेच म्हणाली. आणि मग दिवसभर तिने परसात पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी पुतण्याच्या गाडीतून पेटी विंकोंच्या घरी गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, चर्चच्या खाली.

मी कुंपणापाशी गेले. "सुटलीस बाई एकदाची."

"हो," ती म्हणाली. "मला हवंच होतं तसं. जूनपासून मी तेच म्हणत होते ना?"

"म्हणत होतीस."

"मग झालं," ती म्हणाली, पण तिच्या बोलण्यात काही जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी छान ऊन होतं. दुपारपासून रिकाम्या बाकाभोवती माश्या घिरट्या घालू लागल्या. आधी थोड्या, मग पुष्कळ. संध्याकाळपर्यंत बाकावर एक गोळा जमला होता, पायांना फुलांचे गोळे तसेच, आणि जायला घर नाही. माश्या नव्या जागेवरून चरायला निघाल्या आणि जुन्या ओळखीच्या जागी परत आल्या. जवळच्या जवळ पेटी हलवली की असंच होतं म्हणे. लांब न्यावी, नाहीतर नेऊच नये.

तिल्काने विंकोंना फोन केला. फोनवर ती इतकंच म्हणाली, "त्या इथे आल्यात. तुम्ही लवकर या, गारठा पडतोय."

विंको पेटी घेऊन आले. बाकावर ठेवली, आणि तो गोळा सुटून माश्या चालत चालत दारातून आत जाऊ लागल्या. तिल्का वाकून बघत होती. मी विंकोंना बाजूला घेतलं.

"अहो, तुम्ही आयुष्यभर माश्या पाळताय. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

विंकोंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माहीत तर आहे मला," ते म्हणाले.

"मग नेलीत कशाला?"

"तेच मी वाटेत विचारत होतो स्वतःला." ते खरं बोलत होते की मला बनवत होते, त्यांच्या तोंडावरून काही कळलं नाही. "सगळ्या जागच्या जागी बसल्यात का आता, तिल्काबाई?"

"काय म्हणालात?" तिल्काने उजवा कान पुढे केला.

"सगळ्या आत गेल्या का?"

"थोड्या राहिल्यात," ती म्हणाली. "थांबा जरा. कॉफी ठेवते, पण या गेल्याशिवाय मला जाता येत नाही."

मग आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो, शेवटची माशी आत जाईपर्यंत.